एका बीजांडात दोन शुक्राणू शिरले तर? बीजांड दार कसं लावून घेतं

कोट्यवधी शुक्राणूंची शर्यत लागते, सगळ्यात वेगवान असतो तो जिंकतो आणि बाळ जन्माला येतं. ही गोष्ट तुम्ही एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिली असेल. पण तिच्यात एक प्रश्न सुटून जातो. पहिला शुक्राणू आत शिरतो तेव्हा इतर काही शुक्राणू तिथेच, बीजांडाला चिकटलेले असतात. मग त्यांच्यापैकी दुसरा आत का जात नाही?

कारण बीजांड दार लावून घेतं. ते कसं लावतं आणि कधीतरी लागलं नाही तर काय होतं, हे समजून घेऊया.

दुसरा शिरला तर बिघडतं काय?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. त्यातली २३ बीजांडातून येतात आणि २३ शुक्राणूतून. दोन शुक्राणू आत गेले तर बेरीज ६९ होते. दोनाऐवजी तीन संच झाल्याने गर्भाची वाढ नीट होत नाही.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची वाटणी करणारी यंत्रणा माणसात शुक्राणूकडून येते. शुक्राणू दोन आले की अशा यंत्रणाही दोन होतात आणि गुणसूत्रं भलत्याच दिशांना ओढली जातात. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या बीजांडांत हा गोंधळ पाहिला. प्रत्येक गुणसूत्राचं काम वेगळं असतं आणि वाढीसाठी पूर्ण संच लागतो, हे त्यावरूनच त्यांनी दाखवून दिलं.

पहिली गाळणी: वाट

माणसात दुसऱ्या शुक्राणूला अडवण्याचं काम बीजांडापर्यंत पोचण्याआधीच सुरू होतं. कोट्यवधी शुक्राणू निघतात, पण गर्भाशयाचं मुख, गर्भाशय आणि बीजवाहिनी पार करून बीजांडाच्या जवळ पोचतात ते जेमतेम काही शे. दाराशी गर्दीच कमी, त्यामुळे दोघं एकाच वेळी शिरण्याची शक्यताही कमी.

दुसरी गाळणी: कवच

बीजांडाभोवती झोना पेल्युसिडा नावाचं जाडसर, पारदर्शक कवच असतं. त्यातल्या झेडपी-२ या प्रथिनाला शुक्राणू चिकटतो आणि मग कवचातून वाट काढतो.

पहिला शुक्राणू बीजांडात मिसळला की त्याच्यासोबत आलेल्या एका प्रथिनामुळे बीजांडात कॅल्शियमची लाट उठते. बीजांडाच्या सालीलगत हजारो बारीक पिशव्या तयार असतात. या लाटेने त्या फुटतात आणि त्यांतला ओव्हास्टासिन हा विकर बाहेर येऊन झेडपी-२ला कापतो. आता नव्याने येणाऱ्या शुक्राणूला चिकटायला जागाच उरत नाही. हे एका क्षणात होत नाही, काही मिनिटं लागतात.

तिसरी गाळणी: पडदा

मग कवच आधीच ओलांडून आत आलेल्या शुक्राणूंचं काय? त्यांच्यासाठी बीजांडाच्या पडद्यावर आणखी एक बंदोबस्त आहे. शुक्राणूवर इझुमो नावाचं प्रथिन असतं. जपानी संशोधकांनी २००५ साली ते ओळखलं आणि विवाहासाठी प्रसिद्ध असलेल्या इझुमो मंदिराचं नाव त्याला दिलं. बीजांडावर त्याची जोडीदार असते जुनो. ती सापडली २०१४ साली, ब्रिटनमध्ये. तिचं नाव रोमन विवाहदेवतेचं. इझुमो आणि जुनो जुळले तरच शुक्राणू आत जातो. पहिला शुक्राणू आत गेला की बीजांड आपल्या पडद्यावरची जुनो झटकून टाकतं. उंदरांच्या बीजांडांत हे काम साधारण अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. कुलूपच काढून टाकलं, आता किल्ली घेऊन कुणी आलं तरी उपयोग नाही.

बेडूक, मासा आणि गावठी कोंबडी

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की वाशिंद, शहापूर, मुरबाडच्या भातखाचरांत रात्रभर बेडकं ओरडतात. मादी पाण्यात अंडी सोडते आणि नर त्यांवर शुक्राणू सोडतो. इथे लांब वाटेची गाळणी नाही, सगळी गर्दी एकदम अंड्यापाशी. काही मिनिटं थांबणं परवडणारं नसतं. म्हणून अनेक जातींच्या बेडकांची अंडी विजेचा वापर करतात. पहिला शुक्राणू लागताच अंड्याच्या पडद्यावरचा विद्युतभार क्षणात पालटतो आणि दुसरा शुक्राणू मिसळू शकत नाही. सी अर्चिनमध्येही असंच होतं. तिथे भार पालटायला १ ते ३ सेकंद लागतात. तो साधारण मिनिटभर टिकतो, आणि तेवढ्यात अंड्याभोवती पक्कं आवरण उभं राहतं. माणसाच्या बीजांडात विजेचं हे झटपट दार आढळलेलं नाही.

रोहू, कटला यांसारख्या माशांनी सोपा मार्ग काढला आहे. अंड्याच्या कवचाला एकच बारीक भोक असतं आणि त्यातून एका वेळी एकच शुक्राणू जाऊ शकतो.

गावठी कोंबडीचं मात्र सगळंच उलटं. तिच्या अंड्यात बरेच शुक्राणू शिरतात, आणि तो बिघाड नसतो. त्यांतल्या एकाचंच केंद्रक मादीच्या केंद्रकाशी जुळतं, बाकीचे आतच नष्ट होतात. दार सताड उघडं, पण पंगतीला पान एकच.

परळच्या प्रयोगशाळेत

हा विषय डॉक्टरांच्या रोजच्या कामात येतो तो आयव्हीएफमध्ये. वाशिंदहून लोकलने दादरला उतरलं की परळ फार लांब नाही. तिथल्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी शास्त्रशुद्ध नोंद झालेली देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या पथकाचं हे यश. त्याआधी १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली होती, पण त्यांच्या हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही. त्यांचं श्रेय पुढे आनंद कुमार यांनीच जगासमोर मांडलं.

नेहमीच्या आयव्हीएफमध्ये एका बीजांडासोबत हजारो शुक्राणू बशीत ठेवले जातात. लांब वाटेची गाळणी इथे नाहीशी होते, म्हणून काही बीजांडांत दोन शुक्राणू शिरतात. साधारण १६ ते १८ तासांनी तज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली बीजांड तपासतात. आत दोन गोल ठिपके दिसले तर ठीक: एक आईच्या गुणसूत्रांचा, एक वडिलांच्या. तीन दिसले तर ते बीजांड बाजूला काढतात. ही वेळ चुकवून चालत नाही. पेशी दुभंगू लागली की ठिपके नाहीसे होतात, आणि सदोष गर्भही सुरुवातीला अगदी धडधाकट दिसू शकतो.

इक्सी या पद्धतीत सुईने एकच शुक्राणू आत सोडतात. त्यामुळे दोन शिरण्याचा प्रश्न उरत नाही. तरीही कधीकधी तीन ठिपके दिसतात, कारण बीजांड स्वतःकडचा जास्तीचा संच बाहेर टाकायला चुकतं.

मग जुळी होतात ती कशी?

एका बीजांडात दोन शुक्राणू गेले की जुळी होतात, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. दिसायला वेगळी जुळी दोन बीजांडांपासून होतात, प्रत्येकात एकेक शुक्राणू. हुबेहूब जुळी एकाच बीजांडापासून आणि एकाच शुक्राणूपासून होतात, तो गर्भ पुढे दुभंगतो. एक बीजांड आणि दोन शुक्राणूंपासून झालेल्या जुळ्यांची उदाहरणं जगात नोंदली गेली आहेत, पण ती अगदी बोटांवर मोजण्याइतकी. २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या अशा एका जोडीची माहिती प्रसिद्ध झाली होती.

दार लागलं नाही, तर दोष कुणाचा?

साधारण १ ते ३ टक्के गर्भधारणांत गुणसूत्रांचे तीन संच असतात, असा अंदाज आहे. कधी जास्तीचा संच बीजांडाकडून येतो, कधी दोन शुक्राणूंमुळे. यांतले बहुतेक गर्भ पहिल्या काही महिन्यांतच पडतात. दोन शुक्राणू शिरल्यामुळे होणारा एक प्रकार म्हणजे अपूर्ण द्राक्षगर्भ. यात वार द्राक्षांच्या घोसासारखी फुगते आणि गर्भ जगू शकत नाही. अशा वेळी गर्भाशय साफ केल्यावरही डॉक्टर काही काळ रक्तातल्या एचसीजीची तपासणी करायला सांगतात. ती मध्येच सोडू नये, कारण क्वचित उरलेला भाग पुन्हा वाढू लागतो आणि त्यावर वेळेत उपचार लागतात. पुढची गर्भधारणा बहुतेक वेळा नीट होते.

गर्भ पडला की घराघरांत कारणं शोधली जातात. पपई खाल्ली, ग्रहणात बाहेर गेली, हंडा उचलला. बोट बहुतेक वेळा बाईकडेच. पण तीन संचांचा निकाल लागतो तो गर्भ राहतानाच, तिला दिवस गेल्याचं कळण्याच्याही आधी. तिने नंतर काय खाल्लं किंवा काय उचललं, याने ६९चे ४६ झाले नसते. त्यात तिची चूक नसते आणि नवऱ्याचीही नसते.