भिंतीवरची तारीख

इंदूरजवळच्या एका खेड्यात माझे आजोळ. १९६० च्या सुमारास तेथे हिवताप विभागाची माणसे फवारणीला येत. आजी देव्हारा झाकी, लोणच्याच्या बरण्या अंगणात नेई. काम झाले की ती माणसे दारावर गेरूने ‘डी.डी.टी.’ ही अक्षरे आणि तारीख लिहीत. भिंती सारवू नका, असे बजावून जात. दिवाळी आली की आजी सारवून मोकळी होई. आम्हां मुलांना सरकार पहिल्यांदा दिसले ते त्या तारखेत.

तिची थट्टा मी करणार नाही. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाकाठी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात उतरली. परंतु या औषधाचा जो गुण, तोच त्याचा दोष. ते टिकते. भिंतीवर ते महिनोन्‌महिने डास मारते, म्हणूनच उपयोगी. मातीतही वर्षानुवर्षे राहते, चरबीत साठते आणि अन्नसाखळीच्या पायऱ्या चढत आईच्या दुधापर्यंत पोहोचते. भिंतीपुरते राहिले असते तर गोष्ट निराळी. ते शेतातही गेले. पुढे डासही त्याला सरावले. १९७६ साली रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले; फवारणीतील ढिलाई हेही त्याचे एक कारण.

कायद्याचे काय? १९५८ साली केरळात कीटकनाशक मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे दगावली. त्या धक्क्यातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे कायद्याला जाग आली ती तत्काळ मारणाऱ्या विषाने. सावकाश साठणाऱ्या विषाला प्रेत नसते, पंचनामा नसतो. रेचल कार्सन यांचे पुस्तक १९६२ चे, अमेरिकेतील बंदी १९७२ ची. आपल्याकडे शेतीतील डी.डी.टी. थांबले १९८९ साली. चिवट रसायनांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ चा. भारताने २००६ साली त्याला मान्यता दिली, आणि रोगवाहक डासांसाठी करारात असलेली सवलत राखली. पुष्कळांना ती पळवाट वाटते. आजोळचा हिवताप आठवणाऱ्या मला तसे म्हणवत नाही. सतरा वर्षांचा उशीर मात्र समर्थनीय नव्हता.

आजोळचे घर पुढे पडले. भिंतींची माती मामांनी परसात पसरली. त्या परसातली वांगी आम्ही कित्येक वर्षे खाल्ली.