रिओची कचेरी आणि उन्हाचं गणित

ऑफिसची बिल्डिंग म्हटली की डोळ्यासमोर काय येतं? निळसर काचेचा भलामोठा डबा. बाहेर 40 डिग्री, आत स्वेटर घालून बसलेली जनता आणि ऊन येतं म्हणून दिवसभर पाडून ठेवलेले पडदे. म्हणजे उजेडासाठी काच, काचेपायी पडदे आणि पडद्यांमुळे भर दुपारी ट्यूबलाइट! उष्ण प्रदेशातली उंच इमारत अशीच असायला हवी असं मात्र अजिबात नाही. याचा पुरावा 1945 पासून रिओ दि जानेरोमध्ये उभा आहे. आज त्याचीच गोष्ट.

रिओ तेव्हा ब्राझीलची राजधानी. शहर ग्वानाबारा उपसागराच्या काठावर, आणि जुन्या शहराच्या मधोमध कास्तेलो नावाची टेकडी. 1922 च्या सुमारास ही टेकडी जवळजवळ सगळी कापून काढली आणि तिची माती किनाऱ्यावर भर घालायला वापरली. (मुंबईकरांना हा प्रकार ओळखीचा वाटेल!) मोकळ्या झालेल्या सपाट जागेवर कचेऱ्यांची नवी वस्ती आखली गेली. शिक्षण आणि आरोग्य मंत्रालयाची इमारत इथेच बांधायचं ठरलं.

1935 साली त्यासाठी स्पर्धा झाली. पहिलं बक्षीस मिळालं आर्किमिदेस मेमोरिया यांच्या नक्षीदार, भारदस्त डिझाइनला. मंत्री होते गुस्तावो कापानेमा. त्यांनी बक्षिसाचे पैसे चुकते केले आणि डिझाइन बाजूला ठेवून दिलं! काम दिलं लुसिओ कोस्टा या आधुनिक विचारांच्या आर्किटेक्टला. आज कुठे असं झालं तर चौकशी बसेल, आणि बसायलाच हवी. पण इतिहासाची गंमत अशी की या वाकड्या वाटेनेच एक चांगली इमारत उभी राहिली.

कोस्टाने सहा जणांची टीम बांधली. त्यात स्पर्धेतून बाद झालेले काही जण होते, आणि एक होता ऑस्कर निमायर, तेव्हा जेमतेम 28-29 वर्षांचा. 1936 मध्ये सल्लागार म्हणून खुद्द ल कॉर्ब्युझिए (हो, तोच, चंदीगडवाला) महिनाभर रिओला आला. त्याला दिलेली जागा पसंत नव्हती. त्याला पाण्यासमोरचा प्लॉट हवा होता. तो काही मिळाला नाही. मग टीमने त्याच्या कल्पना घेतल्या, पण डिझाइन स्वतःचं केलं : सुमारे 10 मीटर उंच खांबांवर उभी केलेली, उभट, पातळ इमारत. खालून लोकांनी आरपार चालत जावं आणि वाराही जावा.

आता मुख्य मुद्दा. रिओ दक्षिण गोलार्धात, त्यामुळे तिथे वर्षातला बहुतेक काळ ऊन उत्तरेकडून येतं. टीमने इमारतीच्या दोन रुंद बाजू उत्तर आणि दक्षिण अशा ठेवल्या, आणि दोन्ही वेगळ्या केल्या. दक्षिणेला ऊन कमी, म्हणून तिथे सरळ काचेची भिंत. उत्तरेला मात्र काचेच्या पुढे काँक्रीटच्या उभ्या फळ्यांची चौकट आणि तिच्यात आडव्या, फिरवता येणाऱ्या पट्ट्या. आत बसलेल्या माणसाने दांडा फिरवायचा, पट्ट्या हव्या तशा तिरक्या करायच्या. सूर्य वर असला की आडवी पट्टी ऊन अडवते, उजेड अडवत नाही. शिवाय पट्ट्या काचेपासून सुट्या, त्यामुळे तापलेली हवा मधल्या फटीतून वर निघून जाते. आतली पार्टिशन्सही छतापर्यंत नेली नाहीत, म्हणजे वारा या बाजूने त्या बाजूला खेळता राहतो. आपल्या जुन्या घरांच्या झडपांचंच हे तत्त्व, फक्त पंधरा-सोळा मजले उंच!

इमारत पूर्ण व्हायच्या आधीच, 1943 मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ब्राझीलच्या वास्तुकलेवर प्रदर्शन भरवलं आणि हिचं नाव जगभर झालं.

पण जगाने उचललं काय? 1947 मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाचं डिझाइन करायला निमायर आणि ल कॉर्ब्युझिए पुन्हा एकत्र आले. तिथल्या कचेरीच्या रुंद काचेच्या बाजू आल्या पूर्व-पश्चिमेला, म्हणजे तिरप्या उन्हाच्या अगदी तोंडावर. पट्ट्या लावा म्हणून ल कॉर्ब्युझिएने आग्रह धरला, कुणी ऐकलं नाही. एसी आहे ना! तिथून पुढे ‘मॉडर्न ऑफिस’ म्हणजे काचेचा डबा हे समीकरण पक्कं झालं, आणि तो डबा आपल्याकडच्या उन्हातही तसाच आला. रिक्वायरमेंट न वाचता दुसऱ्या प्रोजेक्टचा कोड कॉपी-पेस्ट करतात, त्यातलाच प्रकार. कोड चालतो, पण विजेचं बिल दर महिन्याला येत राहतं.

रिओच्या इमारतीचे पुढे हालही झाले. 1960 मध्ये राजधानी ब्राझिलियाला गेली. 2021 मध्ये सरकारने इमारत विकायला काढली, तेव्हा एवढा गदारोळ झाला की बेत सोडावा लागला. मोठ्या दुरुस्तीनंतर 2025 मध्ये ती पुन्हा उघडली.

थोडक्यात काय, ही इमारत शहराची ओळख बनली ती नक्षीमुळे नव्हे. ऊन कुठून येतं आणि वारा कुठून, हे आधी विचारलं गेलं आणि रूप त्या उत्तरातून आलं. तुमच्या ऑफिसच्या काचेचं तोंड कुठल्या दिशेला आहे, सोमवारी जरा बघा. ते कुणी विचार करून ठरवलं होतं का, हे पडदे बघूनच कळेल!