उंबरठ्याच्या आतील झाड : मुळशी तालुक्याच्या संदर्भात उंबरवर्गीय वृक्षांच्या संगोपनाचा इतिहास

प्रस्तावना

मराठी घराच्या दारातील खालच्या आडव्या लाकडाला उंबरठा किंवा उंबरा म्हणतात. संस्कृतात 'उदुंबर' या शब्दाला वृक्ष आणि दाराचा उंबरा असे दोन्ही अर्थ आहेत. एवढ्यावरून उंबर ही घराची सीमा मानली जात होती, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. तथापि उंबर, वड, पिंपळ व पायर हे एकाच प्रजातीतील वृक्ष मराठी माणसाच्या घराशी निगडित राहूनही कायम घराबाहेरच राहिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त प्लक्ष, वट, उदुंबर व अश्वत्थ हे वृक्ष घराच्या कोणत्या दिशेस शुभ व कोणत्या दिशेस अशुभ याचा विचार आढळतो. ते घराच्या आत लावावेत काय, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

मुळशी तालुक्यात आज या प्रजातीची दोन रूपे दिसतात. पश्चिमेस ताम्हिणीच्या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात ती ओढ्याकाठी व देवराईत उभी आहे. पूर्वेस हिंजवडीच्या कार्यालयांत व सदनिकांत ती कुंडीत, काचेच्या तावदानाशेजारी वाढते आहे. या दोन टोकांच्या दरम्यान 'झाड सांभाळणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ कसा पालटला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

न तोडणे हेच संगोपन

पश्चिम मुळशीत उंबराला कोणी पाणी घालीत नाही. पक्षी, वटवाघळे व माकडे फळ खातात, विष्ठेतून बी पडते आणि ओलाव्याच्या जागी झाड उगवते. उंबराजवळ पाणी असते हा समज सर्वपरिचित आहे. 'बृहत्संहिते'तील दकार्गल प्रकरणातही भूजलाची खूण म्हणून या झाडाचा उल्लेख येतो. माणसाकडे काम उरते ते एकच, कुऱ्हाड न लावण्याचे. उंबर दत्ताचा म्हणून ही मनाई अधिक दृढ झाली. ताम्हिणीच्या विंझाईसारख्या ग्रामदेवतेच्या राईत तर ती सर्वच झाडांना लागू होती. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाळलेली फांदीसुद्धा न उचलण्याची रूढी अनेक ठिकाणी टिकून असल्याचे त्यांना आढळले.

या रूढीला भाबडी श्रद्धा म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. मावळातील भातशेती राबावर चाले. रोपांसाठी जमीन भाजण्यास दरवर्षी फांद्या व पाला लागे. या गरजेमुळे शेतकरी आणि इंग्रजी वनखाते यांच्यात संघर्ष उद्भवला व मुंबई इलाख्याच्या वन आयोगाला (१८८५-८७) राबाच्या प्रश्नात लक्ष घालावे लागले. ज्यांना फांद्यांची एवढी निकड होती, त्याच लोकांनी काही झाडांना हात लावला नाही, हे येथे महत्त्वाचे आहे.

या व्यवस्थेवर मोठा आघात झाला तो धरणाचा. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने योजिलेल्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते होते. बापटांना 'सेनापती' ही उपाधी येथेच लाभली. १९२४ पर्यंत लढा मोडला. पुढे धरण पूर्ण होऊन भिरा येथील वीज मुंबईस जाऊ लागली आणि पन्नासच्या आसपास गावे बाधित झाली. भूमी संपादनासाठी १८९४चा कायदा होता. त्याच्या तेविसाव्या कलमात झाडांच्या नुकसानभरपाईची तरतूद होती, पण ती हितसंबंधी व्यक्तीला. जे झाड कोणा एकाचे नसून गावाचे अथवा देवाचे होते, त्याची किंमत कोणाच्या नावे मांडायची, याला त्या तरतुदीत सोयीचे उत्तर नव्हते. सत्याग्रहाच्या इतिहासलेखनात जमीन, घर व सावकार यांची चर्चा पुष्कळ झाली. पारावरच्या झाडांची फारशी झालेली नाही.

विलायतेतून आलेली रीत

उंबरवर्गीय झाड घरात आणण्याची कल्पना येथली नव्हे. तिचे मूळ एकोणिसाव्या शतकातील युरोपात आहे, झाड मात्र हिंदुस्थानचे आहे. आसाम व खासी-जैंतिया टेकड्यांतील रबराच्या झाडाला विल्यम रॉक्सबर्ग याने 'फायकस इलॅस्टिका' हे नाव दिले. मेघालयातील लोक याच झाडाची मुळे वळवून ओढ्यांवर जिवंत पूल बांधतात. इंग्रजांना त्याचा चीक हवा होता आणि त्यासाठी आसामात लागवडही झाली. परंतु ब्राझीलच्या रबरापुढे ती मागे पडली. चिकाचा व्यापार मागे पडला तरी पान टिकले. जाड, चकचकीत, अंधाऱ्या खोलीतही तग धरणारे हे पान युरोपातील दिवाणखान्यांना मानवले. नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला १८२९मध्ये बंद काचपात्रात नेचा वाढत असल्याचे दिसले होते. त्यावरून तयार झालेल्या काचपेट्यांमुळे उष्ण प्रदेशातील रोपे समुद्रप्रवासात जगू लागली होती.

पुण्यात बंगल्याच्या व्हरांड्यातील कुंड्यांची संस्कृती छावणीबरोबर आली. गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर पुस्तक लिहिले, ते याच काळात. एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीचे पुष्पप्रदर्शन ही त्याच परंपरेची आजची खूण होय. अशा रीतीने आसामचे झाड पुणेकरांच्या घरात 'साहेबी' शोभेचे म्हणून शिरले. वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ मात्र अरिष्टच राहिला!

हिंजवडीची कुंडी

हिंजवडीतील माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या उभारणीनंतर तालुक्याच्या पूर्व भागात बंद खिडक्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. तेथे रोपवाटिकांच्या भाषेत नुसते 'फायकस' म्हटले जाणारे बेंजामिना, रबर आणि पश्चिम आफ्रिकेतील रुंद पानांचा लायराटा दिसतात. कार्यालयांना कुंड्या मासिक भाड्याने पुरविण्याचा व्यवसायही रूढ झाला. कोमेजलेली कुंडी परत जाते, ताजी येते.

येथील संगोपन पश्चिमेकडील संगोपनाच्या नेमके उलट आहे. बेंजामिनाची जागा बदलली की तो पाने गाळतो. मालक घाबरून पाणी वाढवितो आणि मुळे कुजतात. वस्तुतः वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे, कुंडी वातानुकूलन यंत्राच्या झोतात ठेवू नये आणि उजेड भरपूर पण थेट उन्हाचा नसावा. बंद हवेत खवले कीड व पिठ्या ढेकूण लवकर लागतात, म्हणून ओल्या फडक्याने पाने पुसावी लागतात. छाटणीच्या वेळी निघणारा चीक काहींना बाधतो.

हवा शुद्ध होते, हे या कुंड्यांचे प्रमुख समर्थन. त्याचा आधार म्हणजे १९८९चा अमेरिकेच्या नासा संस्थेचा प्रयोग. त्यात बेंजामिनाचा समावेश होता. परंतु तो प्रयोग लहान, बंद पेटीतला होता. २०१९मध्ये कमिंग्ज व वेअरिंग यांनी अशा प्रयोगांची फेरतपासणी केली. इमारतीत सहज होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करण्यास दर चौरस मीटरला किमान दहा कुंड्या, एरवी शेकड्यांनी, लागतील असे त्यांनी दाखविले. तेव्हा हे समर्थन सोडून द्यावे. झाड डोळ्यांना बरे वाटते, एवढे कारण पुरेसे आहे.

कुंडीतल्या झाडाला आणखी एक गोष्ट लाभत नाही, ती म्हणजे केंबरे. 'उंबराचे फूल' दुर्मीळ म्हणतात, कारण फुले फळाच्या आत असतात. परागीभवन करणारी गांधीलमाशीच्या वर्गातील इवली माशी फळात शिरते, तेथेच प्रजा वाढविते, आणि सामान्यतः प्रत्येक जातीची माशी निराळी असते. पुरंदरचा अंजीर माशीविना पिकतो, तो त्या वाणाचा गुण. कॅलिफोर्नियात स्मर्ना अंजिराची झाडे माशीअभावी वर्षानुवर्षे फळ धरीत नव्हती. १८९९मध्ये माशी तेथे वसविल्यावर ती फळली. कार्यालयातील फायकसला बी धरण्याचा प्रश्नच येत नाही. त्याची संतती फांदीच्या कलमातून, रोपवाटिकेत होते.

वटपौर्णिमेस मात्र उंबरठा खऱ्या अर्थाने ओलांडला गेला. शहरात वड जवळ नाही म्हणून बाजारातून तोडलेली फांदी आणून घरात पूजण्याची प्रथा वाढली. जे झाड तोडू नये म्हणून पूजले, त्याचीच फांदी पूजेसाठी तोडली जाऊ लागली. यावर उपाय म्हणून कुंडीतील वडाचे रोप किंवा बोन्साय पूजावे, असे सुचविले जाते. फांदीपेक्षा ते निश्चित बरे. पण वडाचे रोप कुंडीत फार काळ राहत नाही. मुळे तळाच्या भोकातून बाहेर पडतात आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर ते कोठे लावायचे, असा प्रश्न घरमालकासमोर उभा राहतो. सज्जातल्या कुंडीत पक्ष्याच्या विष्ठेतून उगवलेल्या पिंपळाचेही तसेच. उपटण्यास हात धजत नाही, वाढू देता येत नाही. शेवटी कोणीतरी ते रोप कागदात गुंडाळून जवळच्या देवळाच्या पारापाशी ठेवून येते.