रावबहादुर बोले यांचा ठराव

आपल्या भंडारी ज्ञातीत जन्मलेल्या रावबहादुर सीताराम केशव बोले यांनी १९०९ साली कामगार हितवर्धक सभा स्थापन केली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु त्यांचे खरे कार्य ज्ञातीच्या कुंपणापलीकडचे होय. १९२३ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य बंधूंस खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, ते कागदावरच. तेव्हा १९२६ साली बोले यांनी पुन्हा ठराव आणला : न पाळणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान थांबवावे. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांस हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. ठराव बोले यांनी केला. तो आपल्या पाणवठ्यावर पाळणे हे आम्हां प्रत्येक घराचे कर्तव्य होय.