भिंतीपलीकडची धडधड

रात्री दहानंतर शहरातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये निजून पाहा. शेजारी लागलेल्या गाण्याचे शब्द कळत नाहीत, चाल ओळखू येत नाही. येते ती नुसती धडधड, आणि ती कानापेक्षा छातीला नि पलंगाला जास्त जाणवते. माझे एक पातूरकर स्नेही निवृत्तीनंतर अकोल्यात राहायला गेले. ते म्हणाले, ‘भाऊ, गानं आयकू येत नाई, अन् झोपबी येत नाई.’ या तक्रारीमागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

खर्जातला आवाज आपल्याला नवा नाही. आमच्या पातूरला जुन्या कागदांत ‘पातूर शेखबाबू’ म्हणत. शेखबाबूंच्या दर्ग्याचा उरूस असो की रेणुकामातेचं नवरात्र, वाद्यं वाजतच आली आहेत. पण त्या वाजण्याला माणसाच्या मनगटाची मर्यादा होती. हात भरून आले की ढोल थांबे. घरं जाड मातीच्या भिंतींची, धाब्याची. आणि दोन घरांच्या मध्ये अंगण असे.

१९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी आजच्या घडणीचा लाउडस्पीकर जगापुढे मांडला आणि मनगटाची मर्यादा संपली. पुढे कॅसेट आली, मग होम थिएटर आणि त्याच्यासोबत वूफर. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला आपण ‘डॉल्बी’ म्हणू लागलो. गंमत अशी, की रे डॉल्बी हा अभियंता १९६३ ते १९६५ या काळात भारतातच तांत्रिक सल्लागार होता, आणि १९६५ मध्ये त्यानं काढलेल्या कंपनीचं पहिलं यंत्र होतं टेपवरची नको असलेली खरखर कमी करणारं!

आवाजाविरुद्धची कायद्याची लढाई आपल्याच राज्यात लवकर सुरू झाली. मुंबईचे डॉ. यशवंत ओक १९८५ मध्येच उच्च न्यायालयात गेले होते. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल, ही मर्यादा ठरली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं याविषयी सविस्तर निकाल दिला. त्या खटल्याच्या मुळाशी एक भयंकर घटना होती : लाउडस्पीकरच्या गोंगाटात १३ वर्षांच्या एका अत्याचारित मुलीची किंकाळी कुणालाच ऐकू गेली नाही. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या हद्दीवर ठरलेल्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढू नये, असंही या निकालानं बजावलं. २०१० मध्ये ते नियमांतही आलं.

मग माझ्या स्नेह्यांची झोप का उडते? उत्तर मोजपट्टीत आहे. कायदा ‘ए’ पट्टीवरचे डेसिबल मोजतो. माणसाच्या कानाला हळू आवाजातला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं. त्याच धर्तीवर ही पट्टी बेतली आहे. सेकंदाला ६३ कंपनांचा सूर असेल, तर ती सुमारे २६ डेसिबल वजा करते. म्हणजे नुसता असा ७० डेसिबलचा घुमारा घरात आला, तर यंत्र ४४ दाखवणार. कायद्याच्या लेखी सारं शांत, आणि माणूस मात्र जागा!

भिंतही इथे हात टेकते. या सुराची एक लाट साडेपाच मीटरच्या आसपास लांब असते. साडेचार इंची भिंत बारीक आवाज बराचसा अडवते, पण अशा लाटेबरोबर ती स्वतःच थरथरते. स्पीकर जमिनीवर टेकलेला असेल तर स्लॅबही थरथरतो. म्हणून भिंतीला अंड्यांचे ट्रे किंवा फोम चिकटवून खर्ज थांबत नाही. त्यानं फार तर खोलीतला बारीक घुमार कमी होतो.

उपाय साधे आहेत. वूफर कोपऱ्यातून बाहेर काढावा, कारण कोपरा खर्ज वाढवतो. त्याच्याखाली जाड रबर किंवा लवचीक गादी द्यावी. सामाईक भिंतीपासून तो दूर ठेवावा. आणि रात्री आवाजाच्या आधी ‘बास’ची कळ खाली आणावी.

पण ती किती खाली आणायची, हे आपल्या खोलीत बसून कळत नाही. त्यासाठी गाणं चालू ठेवून शेजाऱ्याचं दार वाजवावं, त्याच्या निजायच्या खोलीत दोन मिनिटं उभं राहावं, आणि तिथे धडधड थांबेल तिथे आपल्या कळीवर खूण करावी. यंत्राला न दिसणारे ते २६ डेसिबल शेजाऱ्याच्या उशाशी उभं राहिलं, की बरोबर कळतात.