ठेकेदार घरात आला, मोजमाप बाहेर राहिले

घराची दुरुस्ती काढणाऱ्या माणसाची पहिली तक्रार दराची असते. एकाच न्हाणीघराच्या कामाला तिघांना विचारले तर तीन आकडे येतात आणि त्यांत कधी दुपटीचा फरक पडतो. ज्याला काम दिले त्याचाही आकडा शेवटपर्यंत टिकत नाही. मग जादा कामाची बिले, पुन्हा पुन्हा मागितलेली उचल, अर्ध्यावर सोडलेली फरशी आणि पहिल्याच पावसात दिसलेली ओल. या सगळ्याचे कारण म्हणून कारागिरांची नियत बिघडली, पूर्वीची माणसे राहिली नाहीत, असे सर्रास सांगितले जाते. हे निदान मला चुकीचे वाटते. महाराष्ट्रात घरकामाची मजुरी देण्याची रीत गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कशी बदलली हे पाहिले, तर दोष माणसांच्या स्वभावापेक्षा एका अर्धवट उसनवारीत सापडतो. इंग्रजी राजवटीतल्या सरकारी बांधकामाने ठेकेदार नावाचा मध्यस्थ रुजवला आणि त्याच्यावर वचक ठेवणारी साधनेही घडवली. घरमालकाने पुढे ठेकेदार तेवढा उचलला, ती साधने घेतली नाहीत.

त्याआधीची रीत कशी होती? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याच्या व्यवहाराचे बारकाईने वर्णन आहे. सुतार, लोहार यांच्यासारख्या बलुतेदारांना शेतकऱ्याची औते वर्षभर नीट ठेवण्याच्या बदल्यात सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी असत आणि त्यांप्रमाणे वाटा कमी-जास्त होई. आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की बलुत्यात मुख्यतः दुरुस्ती धरलेली असे. नवी गाडी किंवा घराचे लाकूडकाम यांचा मोबदला बहुधा वेगळा, रोखीत किंवा धान्यात ठरे. म्हणजे देखभाल वार्षिक कराराने आणि नवे काम स्वतंत्र मोबदल्याने, ही विभागणी गावात फार जुनी आहे. दुरुस्तीचा मोबदला वर्षाचा ठरलेला असल्यामुळे नांगर वारंवार मोडला तर जास्तीचे श्रम सुताराच्याच अंगावर पडत. काम टिकाऊ करण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता. शिवाय पुढच्या सुगीला त्याला त्याच खळ्यावर उभे राहायचे होते. लेखी करार नसतानाही हमी होती, ती अशा रोजच्या संबंधातून आलेली.

या हमीचे गोडवे गाऊन थांबणे मात्र अन्यायाचे होईल. ती जातीने बांधलेली होती. सुताराच्या मुलाने सुतारच व्हायचे, गावच्या वाट्यावरच जगायचे. अस्पृश्य ठरवलेल्या बलुतेदारांच्या वाट्याला तर कामाला मर्यादाच नाही आणि मोबदला मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर, अशी स्थिती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडले ते या गुलामीविरुद्धच. तेव्हा जुना कारागीर प्रामाणिक होता म्हणून जुनी रीत चांगली, असा युक्तिवाद करणाऱ्याने त्या प्रामाणिकपणामागे गाव सोडून जाण्याची मोकळीक नसणे हेही होते, हे विसरू नये. रोख मजुरीने ती मोकळीक दिली आणि हा बदल हवाच होता. प्रश्न एवढाच, की गेलेल्या हमीच्या जागी आपण कोणती नवी हमी आणली.

गवंडी तर बारा बलुतेदारांच्या नेहमीच्या यादीत सापडत नाही. पक्के बांधकाम हे पेठांचे, किल्ल्यांचे, देवळांचे आणि वाड्यांचे काम होते आणि ते पूर्वीपासून बव्हंशी रोखीने चाले. पुण्याच्या शनिवारवाड्याचे काम १७३० च्या जानेवारीत सुरू झाले, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली आणि खर्चाचा आकडा १६,११० रुपये असा सांगितला जातो. सागवान जुन्नरकडचे, दगड चिंचवडचा, चुना जेजुरीकडचा. बांधणारा माल स्वतः मिळवतो आणि कारागिराला श्रमांचे पैसे देतो, ही वाड्यांच्या काळाची पद्धत साध्या घरांतही दिसते. कोकणात पावसाळ्याआधी शाकारणी करायची, नळीची कौले परतायची, तर कौले आणि वासे घरधन्याचे, मजुरी तेवढी माणसांची. मालाच्या प्रतीवरून वाद होण्याचे कारण राहत नसे, कारण माल मालकानेच पारखून आणलेला असे. चुन्यात तर घाई चालतच नाही. घाणीत मळायचा, मुरवायचा, थर सुकू द्यायचा. काम संथ, त्यामुळे देखरेखीला वेळ भरपूर.

१८५४ साली डलहौसीच्या कारकिर्दीत सार्वजनिक बांधकामांसाठी स्वतंत्र खाते उभे राहिले. त्याच वर्षी पुण्यात या खात्याला दुय्यम अधिकारी पुरवण्यासाठी वर्ग सुरू झाला. आजचे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यातूनच वाढले. पाठोपाठ बोरघाटातल्या रेल्वेचे काम निघाले. हजारो मजूर, पंचवीस बोगदे, आणि कामाची रचना अशी : वर विलायती कंत्राटदार, त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली मजूर. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या कामावर १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून कर्जतजवळ दंगा झाला आणि लवकरच त्याने कंत्राट सोडले. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले आणि १८६३ मध्ये घाट वाहतुकीला खुला झाला. पैसा मधल्या पायऱ्यांवर अडकला की तळचा माणूस हत्यार खाली ठेवतो आणि काम बंद पडते, हे त्या दंग्याने दाखवून दिले. आज एखाद्या सदनिकेत टाइल्सवाला मध्येच येईनासा होतो तेव्हाही बहुतेकदा हेच घडलेले असते. मालकाने ठेकेदाराला पैसे दिलेले असतात, पण ते कारागिरापर्यंत पोचलेले नसतात.

सरकारने या अनुभवातून बरेच काही उभे केले. कामाचे नग पाडून अंदाजपत्रक करायचे. जिल्हावार दरसूची ठेवायची आणि प्रत्येक दरामागे माल किती, मजुरी किती, वाहतूक किती, कंत्राटदाराचा नफा किती याची फोड असायची. दगडकाम शंभर घनफुटांच्या ब्रासवर, गिलावा चौरस मापावर. झालेले काम मोजमाप पुस्तकात, खात्याच्या बोलीत ‘एमबी’त, चढल्याशिवाय बिल निघायचे नाही. बिलातून अनामत कापायची आणि दोषदायित्वाची मुदत संपल्यावरच ती परत करायची. सरकारी कामात भ्रष्टाचार होतो, पूल पडतात, रस्ते वाहून जातात, मग या व्यवस्थेचे कौतुक कशाला, असा आक्षेप इथे येईल आणि तो रास्त आहे. परंतु असे प्रकरण चौकशीला येते तेव्हा पुरावा म्हणून हेच मोजमाप पुस्तक काढले जाते. खोटी नोंद झाली हे सिद्ध करायलाही आधी नोंद लागते. घरमालकाजवळ तीच नसते.

उचलीचा इतिहास याहून बोलका आहे. १८५९ च्या तेराव्या कायद्याने आगाऊ रक्कम घेऊन काम टाळणाऱ्या कारागिराला आणि मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करता येऊ लागले. रक्कम फेड किंवा काम पुरे कर, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवास. कलकत्त्याच्या युरोपीय व्यापाऱ्यांच्या संघटनेने केलेली मागणी त्यामागे होती. कारागिराने करार मोडला तर तुरुंग, मालकाने मोडला तर दिवाणी दावा. असा एकतर्फी कायदा १९२५ च्या रद्दीकरण कायद्यापर्यंत जिवंत राहिला. मजुरांच्या बाजूने १८६० साली एक कायदा झाला खरा, मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवण्यासाठी. पण तो रेल्वे, कालवे अशा सार्वजनिक कामांपुरता. घरात राबणाऱ्या गवंड्याला त्याचा उपयोग नव्हता. उचल मागणे हे लबाडीचे लक्षण मानण्याची सवय आपल्याकडे आहे, पण उचल हे कारागिराचे भांडवल आहे. बँक त्याला कर्ज देत नाही, सिमेंटचा दुकानदार अनोळखी माणसाला उधार देत नाही, बिगाऱ्याला संध्याकाळी पैसे द्यावेच लागतात. उचल घेऊन पळणारे नसतात असे मी म्हणत नाही. परंतु सुमारे पासष्ट वर्षे तुरुंगाचा धाक असूनही उचलीचे तंटे मिटले नाहीत, यावरून हा प्रश्न शिक्षेने सुटणारा नाही एवढे निश्चित म्हणता येते.

ठेकेदार घराच्या उंबऱ्याच्या आत शिरला तो सिमेंटबरोबर. पोरबंदरचा कारखाना १९१४ मध्ये सुरू झाला, एसीसी १९३६ मध्ये स्थापन झाली आणि सळई-काँक्रीटचे बांधकाम हळूहळू मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले आणि पुढच्या काळात शहरात काँक्रीटच्या इमारती भराभर उठल्या. सुतार आणि गवंडी या दोघांत भागणारे काम आता सेंट्रिंगवाला, सळई बांधणारा, प्लंबर, वायरमन, टाइल्सवाला, रंगारी आणि वॉटरप्रूफिंगवाला यांच्यात वाटले गेले. इतक्या जणांची जुळणी नोकरदार माणसाला जमणे अवघड. त्यात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. १९८२ मध्ये ते अंशतः उठले, पूर्ण उठायला १९८९ उजाडले. परवान्याच्या त्या काळात ज्याला सिमेंट मिळते त्याच्याच हाती काम, अशी परिस्थिती झाली आणि ‘मटेरियलसकट’ काम देण्याची सवय पक्की झाली. मालाची पारख करण्याचे काम, जे वाड्याच्या मालकाने कधी सोडले नव्हते, ते ठेकेदाराकडे गेले.

रोज, उक्ते आणि मापावर, असे काम देण्याचे तीन प्रकार आजही आहेत आणि त्यांतला खरा फरक जोखीम कोणाची हा आहे. रोजाने दिले तर काम रेंगाळण्याचा तोटा मालकाचा. उक्ते दिले तर कारागिराला घाई सुटते आणि झाकून जाणाऱ्या कामात कसर होते. फरशीखालचा कोबा, भिंतीतली नळजोडणी, न्हाणीघराचा जलरोधक थर. मापावर दिले तर झालेल्या कामाचेच पैसे, पण मोजायला कोणीतरी लागते. माझे मत असे की जे डोळ्यांना दिसणार आहे ते उक्ते द्यायला हरकत नाही. जे झाकले जाणार आहे ते मापावर किंवा रोजाने द्यावे आणि झाकण्यापूर्वी पाहावे, फोटो काढून ठेवावा. तीन कोटेशनांत दुप्पट फरक पडतो तोही बहुतेकदा इथेच. एकाने जुनी फरशी फोडून राडारोडा नेण्याचा खर्च धरलेला असतो, दुसऱ्याने नाही. एकाने जलरोधक थर धरला, दुसऱ्याने नुसते टाइल्स बसवणे. नगवार फोड मागितल्याशिवाय हे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि फोड द्यायला नकार देणाऱ्याचा कमी आकडा शेवटी कमी राहत नाही.

एवढ्याशा कामाला कागदपत्रे कसली, ओळखीच्या मिस्त्रीकडे करार मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. ओळखीचा मिस्त्री दहा वर्षे त्याच वस्तीत काम करत असेल तर तो जुन्या हमीचाच अवशेष आहे आणि त्याची किंमत मोठी आहे. परंतु शहरांत अशी ओळख दुर्मीळ झाली आहे. कायदा आहे ना, असेही म्हटले जाते. २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या सदनिकेतल्या बांधकामदोषांची पाच वर्षांची जबाबदारी बिल्डरवर टाकली, पण आपल्या घरात आपण काढलेली दुरुस्ती त्यात येत नाही. ग्राहक कायद्याखाली १९९३ पासून घरबांधणी ही ‘सेवा’ ठरली असली तरी तक्रारदाराला काय ठरले होते हे सिद्ध करावे लागते. विजेचे काम परवानाधारकाकडून करवून घेण्याचे बंधन आहे, महापालिकेच्या नळजोडणीला परवाना असलेला प्लंबर लागतो. फरशी, गिलावा, जलरोधन यांना तसला परवाना नाही. म्हणजे जिथे गळती होते नेमके तिथेच मालक एकटा आहे.

कारागिराच्या बाजूने पाहिले तर तोही तितकाच एकटा आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कल्याण मंडळ आणि उपकर आणला, पण स्वतःच्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम काढणाऱ्या माणसाला ‘आस्थापना’ या व्याख्येतून वगळले. नाक्यावर सकाळी उभे राहणाऱ्या कामगाराची बरीच कमाई अशाच घरांतून होते आणि मंडळात नोंदणी करायची तर मागच्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर असल्याचा दाखला त्याला आणावा लागतो. म्हणून घरमालकांना माझी विनंती आहे : काम काढण्यापूर्वी एक शंभर पानी वही आणा. नगवार दर, माल कोणाचा, मापे, दिलेली प्रत्येक उचल आणि कोण किती दिवस कामावर होता हे त्यात लिहा आणि दोघांनीही सही करा. शेवटचे पाच-दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायचे असतील तर ते पहिल्याच दिवशी सांगा, आणि पावसाळा नीट गेला की न मागता देऊन टाका.