बोरू, शाई आणि सिड फील्ड

पटकथा लिहायची म्हणून गेल्या चार वर्षांत मी पटकथा सोडून बाकी सगळं केलंय. सिड फील्डचं 'स्क्रीनप्ले' (१९७९) दोनदा वाचलं. मॅकीचं 'स्टोरी' (१९९७) अधोरेखित करून झालं. ब्लेक स्नायडरचे पंधरा टप्पे तर चक्क एक्सेलमध्ये मांडले. एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, १२० पानांची ३०-६०-३० अशी वाटणी... सगळं पाठ. लिहिलेली पानं? शून्य :)

गोष्ट नाही असं नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यात आमचीही होती. अण्णांनी ती स्वतः तोडली. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

मागच्या सुट्टीत घनसावंगी तालुक्यातल्या जांबला जाऊन आलो. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव, जन्म १६०८. घरी येऊन दासबोध उघडला तर त्यात लेखनाचं मॅन्युअलच सापडलं! दशक १९, समास पहिला: लेखनक्रिया निरूपण. बोरू, शाई, सुरी, कागद, सगळ्याची तयारी सांगितलीय. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकच वळण ठेवा. तरुणपणी फार बारीक लिहाल तर म्हातारपणी कामाला येणार नाही. चारी बाजूंनी जागा सोडा, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर शाबूत राहील. हाताने नकलून ग्रंथ टिकवायचे ते दिवस, त्यामुळे समास सोडणं ही हौस नव्हती, तो बॅकअप होता.

पण मला पकडलं ते चौदाव्या दशकातल्या कवित्वकळेच्या समासाने. मनात आलं ते बळेच रचलं, ते धीट. पुष्कळ ग्रंथ पाहून त्यांच्यासारखं उतरवलं, ते पाठ. आणि समर्थांच्या मते खरं ते प्रासादिक, भक्तीतून आपसूक येणारं. माझी चार वर्षं कुठल्या खान्यात गेली ते सांगायला नको.

मग मॅन्युअल फेकून द्यायची का? तसंही नाही. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. म्हणजे दुसऱ्याचं उतरवून हात त्यांनीही तयार केला. फरक एवढाच की त्यांचा बोरू चालू होता. वळण, ओळ, समास या सूचना लिहिणाऱ्या हाताला उपयोगी, रिकाम्या हाताला त्या टाळाटाळीचं निमित्त होतात.

असो. काल रात्री अण्णांना फोन केला. विचारलं, "अण्णा, पहिलं झाड कुठलं तोडलं होतं?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बांधाकडचं. विहिरीजवळचं ठेवलं होतं, पावसापर्यंत तगंल म्हणून. नाही तगलं."

आज सकाळी पहिलं पान लिहून झालं. प्लॉट पॉइंट कितव्या पानावर येतो, ते नंतर बघू.